पाण्याचे व्याही, कोळशाचे व्याही

नागपूरहून परत आल्यापासून कॉलनीतल्या बायका मला एकच प्रश्न विचारतात, "काय हो बाई, तिकडे सगळं काळंच असतं का?" मी म्हणते, बसा, चहा टाकते आणि सांगते. पण दर वेळी कुणाचं तरी दूध उतू जातं आणि हकिकत अर्धी राहते. म्हणून एकदाची लिहूनच काढते. ज्यांना घाई आहे त्यांनी शेवटचं पान वाचावं, पण मग रोडग्यांची गंमत हुकेल.

आधी आम्ही कोण ते सांगते. आम्ही पाण्याची माणसं. घाटाखाली डोंगराच्या पोटात धरणाच्या पाण्यावर वीज होते, तिथल्या नियंत्रण कक्षात आमचे हे नोकरीला आहेत. धरणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव लिहिलं की ऑफिसातली माणसं चुका काढायला बसतात. मी कॉलनीच्या शाळेत भूगोल शिकवते. 'पाण्याची वीज स्वस्त, कोळशाची महाग' हे वाक्य मी इतक्या मुलांकडून पाठ करून घेतलं आहे की झोपेतून उठवलं तरी म्हणेन.

आणि नेमकं आमच्या मंजूला स्थळ आलं ते कोळशातलं! मंजू आमची एकुलती एक, एम.एस्सी. झालेली. पुण्यात एका लग्नात काटोलच्या बापूरावांनी तिला पाहिलं, आपल्या धाकट्या मुलासाठी विचारलं. मुलगा विनायक, इंजिनिअर, नागपूरच्या बाहेर कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रात नोकरीला. पुण्यातच पोहे झाले, दोघांनी एकमेकांना पाहिलं. त्यावर मंजू म्हणाली, "माणूस बघितला. आता ठिकाण बघते आणि मग सांगते." आमच्याकडे घर बघायला मोठी माणसं जातात, मुलगी घरी बसून वाट बघते. ही म्हणाली, मीच येणार. बापूरावांचा उलट निरोप आला की अवश्य आणा.

ह्यांचं मात्र तोंड आंबट. "सगळं जग सोडून कोळशात मुलगी द्यायची?" ह्यांचा राग जुना आहे. राज्यभरच्या विजेच्या तारा एकमेकींना जोडलेल्या असतात. तिकडे कोळशाचा एखादा संच, म्हणजे वीज करणारं यंत्र, बंद पडला की इकडे ह्यांचा फोन वाजतो, तुम्ही भार उचला. हे एक कळ दाबतात, झडपा उघडतात, पाच मिनिटांत यंत्र फिरायला लागतं. मग घरी येऊन मिशीवर ताव देत म्हणतात, "पडले पुन्हा आडवे, उठवलं मला!" त्या आडव्या पडणाऱ्यांच्या घरी मुलगी जायची म्हणजे ह्यांना कमीपणा वाटत होता. तरी नाही म्हणायला कारण सापडत नव्हतं, म्हणून आले. मला स्वतःला म्हणाल तर मुलगा आवडला होता, आणि संत्री झाडावरून तोडून खायची हौस होती. दोन्ही कारणं मी मोठ्याने सांगितली नाहीत.

प्रताप नगर

महाशिवरात्र होऊन गेली होती. आगगाडीचं वर्णन करत नाही, धूळ सगळीकडची सारखीच. स्टेशनवर बापूराव आणि विनायक दोघंही आले होते. बापूराव उंच, पांढरं धोतर, खणखणीत आवाज. "या जी या! प्रवासात तरास तं नाही झाला नं?" असं म्हणत त्यांनी ह्यांच्या हातातली ट्रंक हिसकावूनच घेतली. ह्यांनी ती सोडली नाही. दोघं दोन्ही कड्यांना धरून ट्रंकेसकट बाहेर आले, आणि पुढचे चार दिवस त्यांचं असंच चालणार हे मी तेव्हाच ओळखलं.

बापूरावांची बाग काटोलला, थोरला मुलगा ती बघतो. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी प्रताप नगरात घर बांधलं, तिथे आम्ही उतरलो. नवी वस्ती, घराघरांत अंतर, अंगणात कडुनिंब. रस्ते इतके रुंद की आमच्या घाटातल्या माणसाला पलीकडे जायला भीती वाटावी. विनायकच्या आई कमलताई दारातच उभ्या होत्या. त्यांनी मला मिठी मारली, मंजूकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अवं माय, किती बारीक हाये पोरगी! तिकडे खाऊ नाही घालत का?"

त्यानंतर त्यांनी जे खाऊ घातलं! सकाळी तर्रीचे पोहे. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं आणि लिंबू, इथे पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात. ह्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "काहून जी, तिखट लागलं?" बापूरावांनी विचारलं. "छे," हे म्हणाले, आणि तांब्या तोंडाला लावला. दुपारी पाटवडीचा रस्सा आणि वडाभात. भातावर डाळीचे वडे कुस्करायचे आणि वरून कडकडीत तेलाची फोडणी. आमच्याकडे जेवण संपलं की मुकाट पान उचलतात. इथे पान झाकून बसावं लागतं, तरी बोटांच्या फटीतून एक वडा आत येतोच.

जेवणं झाल्यावर ओसरीवर दोघांची जुंपली. हे म्हणाले, "बापूराव, आमचं पाणी फुकट. आभाळातून पडतं, बोगद्यातून जातं, वीज देतं आणि खाली नदीला मिळतं. धूर नाही, राख नाही. तुम्हाला रोज गाडीच्या गाडी कोळसा विकत घ्यायचा. खाणीतून काढा, रेल्वेच्या वाघिणीतून आणा, जाळा. आयुष्यभर विकतचं खाणं!"

"बरोबर हाये जी," बापूराव म्हणाले. "पण मले एक सांगा. चैत्र-वैशाखात माह्या संत्र्याले पाणी पायजे. मोटार लावतो तं वीज पायजे. तवा तुमच्या धरणात किती पाणी राहते?"

उन्हाळ्यात आमचं पाणी जपून वापरावं लागतं, ते काही खोटं नाही. दिवसा यंत्रं बंद ठेवून संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागतात तेवढ्यापुरतीच चालवतात. एक पावसाळा कमी झाला की वर्षभर हात आखडता.

विनायक, घरच्यांचा इनू, तोवर नुसता ऐकत होता. तो म्हणाला, "काका, तुमच्याकडे खर्च एकदाच होतो, पण डोंगर म्हणेल तिथेच धरण बांधता येतं. तशा जागा किती उरल्यात? आमचं केंद्र कुठेही उभं राहतं, पण त्याला रोज जेवायला घालावं लागतं. आणि आम्हाला चटकन उठता येत नाही. थंड झालेला बॉयलर पेटवून वाफ तयार होईपर्यंत दिवस जातो."

"म्हणूनच आम्हाला उठवतात," हे म्हणाले. विनायक हसला आणि म्हणाला, "हो ना. उठता म्हणून तर आमची अब्रू राहते."

हे उत्तर ह्यांना आवडलं. आवडलं म्हणूनच त्यांना आणखी राग आला. रात्री मला म्हणाले, "मुलगा बोलण्यात पटाईत आहे. पण मंजू तिथल्या धुरात राहणार का, ते बघू." मंजूला विचारावं तर ती कमलताईंच्या मांडीवर डोकं ठेवून तेल लावून घेत होती आणि मांजरासारखी गप्प होती.

काटोलचं वावर

दुसऱ्या दिवशी बागेत रोडग्यांचा बेत. मोठ्या मोटारीतून निघालो, वाटेत दुतर्फा संत्र्याच्या बागा. एका अंगाची झाडं फळांनी वाकलेली, दुसऱ्या अंगाची फुलोऱ्यावर आलेली. तो वास मला इथे कागदावर आणता येत नाही. आमच्याकडे आंब्याचा मोहोर येतो, त्याला उग्रपणा असतो. हा वास नुसता गोड आहे. मी झाडाखाली उभी राहून संत्री तोडली, तिथेच सोलून खाल्ली, रस कोपरापर्यंत आला. शाळेतल्या मुलांनी मला बघितलं असतं तर पुढचं वर्षभर कुणी माझा धाक मानला नसता.

रोडगे म्हणजे काय ते आपल्याकडे माहीत नाही. कणकेच्या पातळ पोळ्या एकात एक गुंडाळून गोळे करतात. शेणाच्या गोवऱ्या पेटवायच्या, त्या जळून निखारे होऊ द्यायचे, आणि त्या धगधगत्या राखेत गोळे पुरायचे. तासाभराने काढून फडक्यात घोळून राख झटकायची, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी आणि घट्ट वरण. स्वयंपाक सगळा पुरुषांनी करायचा, बायकांनी नुसतं बसायचं. ही चाल मला इतकी पसंत पडली की ती आपल्या कॉलनीत आणावी असं मी मनात घेतलं आहे.

गोवऱ्या पेटल्या, पण वारा फिरला आणि सगळा धूर आम्हा बायकांच्या तोंडावर यायला लागला. कमलताई पदर नाकाला लावून खोकत होत्या. बापूराव आणि त्यांचा थोरला मुलगा विहिरीकडे वांगी धूत होते. विस्तवाजवळ फक्त हे. पाहुण्यांची काळजी ह्यांना फार. रोडग्यांचे गोळे अजून वळून व्हायचे होते. ह्यांनी विचार केला, एवढ्यात विस्तवाचं काम काय? शेजारी भरलेली बादली होती. ती उचलली आणि सगळ्या गोवऱ्यांवर ओतली. चर्र झालं, धूर थांबला, हे प्रसन्न होऊन आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "गोळे झाले की पुन्हा पेटवू."

कमलताई तोंडाला पदर लावून तशाच बसून राहिल्या. बापूराव धावत आले. भिजलेल्या गोवऱ्यांचा काळा चिखल झाला होता. "अरे बाप्पा!" त्यांनी कपाळाला हात लावला. "हे काय केलं जी?"

"बंद केलं," हे म्हणाले. "हवं तेव्हा चालू करता येईल."

मग बापूराव जे हसायला लागले ते धोतर सावरत खालीच बसले. "चालू कराले हे काय तुमचं धरण हाये? विझोलेली गोवरी आता दोन दिवस वाळवा लागते! आमच्या इनूचं कामबी असंच राहते. एक डाव विझलं तं पेटवाले जीव जाते. पाणीवाल्याले हे कुठून कयनार!"

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. रागवायला जागा नव्हती आणि हसायला अजून धीर होत नव्हता. शेवटी हे बादलीकडे बघून म्हणाले, "झडप जरा लवकर उघडली," आणि मग सगळेच हसलो. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे स्वतःवर असे हसलेले मी क्वचितच पाहिले आहेत. मला त्या वेळी त्यांचं फार कौतुक वाटलं.

कोरड्या गोवऱ्या गावातून बैलगाडीने आणाव्या लागल्या. जेवायला चार वाजले. तोवर पोटात कावळे ओरडत होते म्हणून सगळ्यांनी संत्री खाल्ली, आणि कुणाच्या लक्षात न येता मंजू आणि विनायक बागेत खूप लांबवर गेले. माझ्या लक्षात आलं, पण मी कशाला बोलू? वेळेवर जेवण झालं असतं तर त्यांना एकमेकांशी चार वाक्यं बोलायला मिळाली नसती. ती परत आली तेव्हा मंजूच्या केसांत पांढरी फुलं पडलेली होती आणि ती अगदी गंभीर होती. मी विचारलं, "काय बोललात गं?" ती म्हणाली, "मी त्यांना सांगितलं, उद्या केंद्र दाखवाल तेव्हा वाईट असेल ते आधी दाखवा."

रोडगे मी तीन खाल्ले. राख थोडी लागतेच जिभेला. दुसऱ्या घासानंतर तिचं काही वाटत नाही.

राखेचा तलाव

विनायकने पास काढून ठेवले होते. कमलताईही आल्या. जीप केंद्राच्या फाटकाशी न थांबता पुढे निघाली तेव्हा कमलताई म्हणाल्या, "कुठी नेऊन राहिला रे?"

"राखेकडे," विनायक म्हणाला.

"काहून? पाहुण्याइले कोणी राख दाखवते का? आधी बाग दाखव, क्वार्टर दाखव!"

"त्यांनी सांगितलं आहे आई," तो म्हणाला. मंजू खिडकीबाहेर बघत होती.

एका उंच बांधावर आम्ही चढलो. पलीकडे मैलभर पसरलेला करडा चिखल, मध्ये मध्ये पाणी चमकणारं. जळलेल्या कोळशाची राख पाण्यात कालवून नळाने इथे आणून सोडतात. कडेच्या बाभळी पांढुरक्या झालेल्या. विनायकने काही लपवलं नाही. उन्हाळ्यात वरचा थर वाळला की वाऱ्याने उडतो, जवळच्या खेड्यांत वाळत घातलेल्या धोतरांवर बसतो, वारा आपल्या बाजूचा असला की क्वार्टरच्या गॅलरीतही येतो. हा तलाव भरला की दुसरा करावा लागेल, त्यालाही कुणाची तरी जमीन लागेल. "हे सगळं आहे," तो मंजूला म्हणाला. "विजेच्या बिलात हे कुठे लिहिलेलं नसतं."

हे माझ्या कानाशी म्हणाले, "बघितलंस? आमच्याकडे पाहुण्यांना कारंजी दाखवतो." त्यांचा सूर जिंकलेल्या माणसाचा होता. मला त्या करड्या पाण्याकडे बघून भलतंच आठवलं होतं.

मग केंद्र पाहिलं. लिहायचं तर वही पुरणार नाही. कोळशाची वाघीण एक यंत्र उचलून अशी पालथी करतं, जशी आपण धान्याची पाटी ओततो. त्या ढेपा फोडून, दळून त्यांची मैद्यासारखी पूड करतात आणि ती वाऱ्याने आत फुंकतात. जाड काचेच्या छोट्या खिडकीतून बॉयलरमधला जाळ बघितला. मी चार वेळा बघितला, मागचे लोक खोळंबले. नंतर ते मोठे शीतक मनोरे, आतून पाण्याचा पाऊस पडणारे. हे तिथे थबकले. "एवढं पाणी?"

"वाफ कशाची करणार काका? आणि ती थंड करायला पुन्हा पाणीच," विनायक म्हणाला. "शेजारच्या पाण्याच्या तलावातून घेतो. दुष्काळ पडला तर आमचीही पंचाईत आहे."

हे खूश! "म्हणजे शेवटी पाणीच!" दिवसभर ते वाक्य त्यांनी कितीदा म्हटलं असेल. नियंत्रण कक्षात गेल्यावर तर ते तिथल्या माणसांत असे मिसळले की कुणाच्या माहेरचा माणूस आला आहे असं वाटावं. ज्या संचाच्या नावाने हे इतकी वर्षं दात ओठ खात होते, त्याच्या काट्यांसमोर हात मागे बांधून उभे राहिले. "हाच का तो?" म्हणाले, आणि चहा घेतला.

संध्याकाळी प्रताप नगरात परतल्यावर अंगणात खाटा टाकल्या. मंजूने कुणी विचारायची वाट बघितली नाही. हातातली बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "बाबा, मला हे स्थळ पसंत आहे." कमलताईंनी तिथल्या तिथे तिच्या तोंडात संत्र्याची बर्फी कोंबली. मला भरून आलं. विनायक उठून आत पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

मग हे म्हणाले, "ठीक आहे. लग्न मे महिन्यात करू."

बापूरावांचा हात बर्फीकडे जाता जाता थांबला. "मे महिन्यात इनूले रजा नाही भेटत जी. तवा तुमची धरणं उतरते, सारा भार कोळशावर. एकबी माणूस सोडत नाही. पाणी पडलं की आमच्या मोटारी बंद, कूलर बंद. मंग त्याचे संच आळीपाळीनं दुरुस्तीले जाते, तवा रजा. ज्येष्ठ धरा. पोरगा-पोरगी दोघंबी थोरले असले तं ज्येष्ठ चालत नाही, पण इनू धाकटा हाये, काई अडचण नाही."

"ज्येष्ठात आमच्याकडे पाऊस लागतो," हे म्हणाले. "पाणी यायला लागलं की मी गाव सोडत नाही. नोकरी लागल्यापासून एकाही पावसाळ्यात रजा घेतली नाही. आणि आषाढी एकादशीनंतर चार महिने मुहूर्त नाहीत."

"मंग दिवाळीनंतर?"

"तेव्हा धरण काठोकाठ असतं. यंत्रं पूर्ण भाराने चालतात. मेच जमेल मला. मुलाला जमत नसेल, तर मग काय करणार?"

हे बोलणं वरून अगदी सरळ होतं. मला मात्र सगळं उघड दिसलं. इतके दिवस ह्यांना नाही म्हणायला कारण सापडत नव्हतं, ते सापडलं. एकाचं पाणी आटतं तेव्हा दुसऱ्याचा जाळ पेटतो, आणि त्या दोघांच्या मध्ये माझ्या मुलीचं लग्न अडकलं. मंजूचा चेहरा उतरला. ती भांडणारी मुलगी नाही, ती खाली मान घालून बशीचे कंगोरे चाचपत राहिली.

आणि मग मी बोलले. चारचौघांत नवऱ्याला बोलायची माझी पद्धत नाही, पण ती राख बघितल्यापासून घशात अडकलं होतं ते बाहेर आलं. "तुमचं पाणी फुकट, फुकट असं इतकी वर्षं ऐकतेय," मी म्हटलं. "माझं माहेर त्या पाण्याखाली आहे. घर, परसातली फणसाची झाडं, शाळा, सगळं. माझे आईबाप पन्नास मैलांवर माळावर जाऊन राहिले. तिथे पहिली पाच वर्षं त्यांना प्यायला पाणी नव्हतं आणि घरात दिवा नव्हता. मी तुम्हाला कधी बोलले? धरणाचं पाणी दारात आलं तेव्हा आम्ही म्हटलं का, की आता जमत नाही, आम्हाला रजा नाही? वीज फुकट कुठलीच नसते. इथे राख दाखवायची तरी हिंमत आहे ह्या मुलाला. तुम्ही कारंजी दाखवता."

बोलून झालं आणि मला रडू फुटलं. कमलताई उठून माझ्या खाटेवर येऊन बसल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला. हे कडुनिंबाकडे बघत बसले. त्या रात्री कुणी आग्रह केला नाही, आणि त्या घरात आग्रहाशिवायचं जेवण फार लांबलेलं वाटलं.

नागपूर स्टेशन

सकाळी कमलताईंनी मंजूला नारळ, खण आणि साडी दिली. "जमलं तं आमची सून, नाही जमलं तं आमची पोरगी," म्हणाल्या. बापूरावांनी संत्र्यांच्या दोन करंड्या बांधल्या. विनायक रात्रपाळी करून थेट स्टेशनवर आला, डोळे लाल, कॉलरवर कोळशाची रेघ. ह्यांनी कुणाशी शब्द काढला नव्हता. माझ्याशी तर नाहीच. मला वाटलं, तुटलं. मी घरी जाऊन काय करणार होते कोण जाणे.

आम्ही डब्यात बसलो. ती तिघं खिडकीशी उभी. मंजू विनायककडे बघत नव्हती आणि विनायक तिच्याशिवाय कुठेच बघत नव्हता. गार्डची शिट्टी झाली. तेवढ्यात ह्यांनी गजांतून हात बाहेर काढला आणि बापूरावांचा हात धरला.

"बापूराव, धरण भरायला मी लागत नाही," हे म्हणाले. आवाज जरा फाटला होता. "ते माझ्याशिवायही भरलं असतं आणि माझ्यानंतरही भरेल. मुलीला सासरी पाठवायला मात्र मी लागतो. ज्येष्ठातला मुहूर्त काढा. मी रजा घेतो."

नेमकं तेव्हाच इंजिनाने शिट्टी दिली आणि गाडी हलली. बापूराव हात न सोडता गाडीबरोबर चालायला लागले. "काय म्हणले जी? ऐकू नाही आलं! काय म्हणले?" ह्यांना पुन्हा बोलवेना. मी पदराने डोळे पुसत होते. बापूराव मागे पडायला लागले, त्यांचा हात सुटला.

मग आमची मंजू, शांत, गरीब, एम.एस्सी. झालेली, सीटवर गुडघे टेकून उठली आणि गजांना तोंड लावून सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशी ओरडली, "ज्येष्ठात! बाबा ज्येष्ठात म्हणतायत!"

हमाल थांबले, चहावाले वळले. कमलताईंनी दोन्ही हात गालांवर नेले. आणि विनायक, रात्रभर जागलेला, गाडीच्या मागे फलाट संपेपर्यंत धावत आला.